झटके थांबत का नाहीत?

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजचा विषय वैद्यकाचा असला तरी तो केवळ डॉक्टरांचा नाही, हे आरंभीच सांगतो. या विषयातील निम्मे काम रुग्णालयात होते आणि उरलेले निम्मे घरात, शाळेत व गावात होते. म्हणूनच तो आपणांसमोर मांडण्याचे मी ठरविले.

प्रथम एक हकिकत सांगतो. ती कोणा एका मुलीची नाही, अनेकींच्या हकिकतींतून जुळविलेली आहे. सकाळची प्रार्थना चालू असताना इयत्ता नववीतील एक मुलगी खाली कोसळते. डोळे गच्च मिटलेले, हातपाय झाडले जात आहेत, हाकेला ओ नाही. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवितो, कोणी दातखीळ उघडण्यासाठी चमचा शोधतो. पंधरा-वीस मिनिटांनी ती शुद्धीवर येते आणि रडू लागते. घरी कोणी म्हणते फेफरे, कोणी म्हणते बाहेरची बाधा. देवऋष्याचा अंगारा होतो, मग डॉक्टरांची गोळी सुरू होते. गोळीने उतार पडत नाही म्हणून मात्रा वाढते, पुढे दुसरी गोळी जोडली जाते. आठवड्याला एक येणारा झटका रोज येऊ लागतो. वर्गात पुन्हा पडेल या भीतीने तिला घरी बसविले जाते. दोन वर्षे अशीच जातात. शाळा सुटलेली असते, गावात नाव झालेले असते आणि लग्नाच्या वाटाघाटींत ही गोष्ट लपवावी कशी, याचा खल सुरू होतो.

या मुलीला अपस्मार नाही. तरीही तिचे झटके खरे आहेत. ते सुरू का झाले, हा एक प्रश्न आहे; ते थांबले का नाहीत, हा दुसरा आणि निराळा प्रश्न आहे. आज मी मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलणार आहे.

झटका खरा, पण अपस्मार नव्हे

अपस्मारात मेंदूतील पेशींचे विद्युत्‌ व्यवहार एकाएकी बेबंद होतात आणि त्यामुळे शुद्ध हरपते किंवा अंग आखडते. अपस्मारेतर झटक्यांत बाहेरून दिसणारे रूप तसेच असते, परंतु मेंदूत असा विद्युत्‌ बिघाड आढळत नाही. असह्य ताण, भीती किंवा दडपलेली भावना यांच्या भाराखाली मनाचे शरीरावरील व जाणिवेवरील नियंत्रण काही काळ सुटते. पूर्वी यास ‘हिस्टेरिया’ म्हणत. तो शब्द हेटाळणीचा झाल्यामुळे वैद्यकाने आता टाकून दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीतही या झटक्यांना स्वतंत्र स्थान आहे.

हा आजार विरळा नाही. औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणून मोठ्या केंद्रांकडे पाठविल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी साधारणपणे पाचांतील एकाला हेच झटके असल्याचे आढळते. रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश असते, पण पुरुषांना आणि मुलग्यांनाही हा आजार होतो.

दोहोंतील फरक ओळखण्यास काही खुणा साहाय्य करतात. अपस्मारेतर झटक्यात डोळे बहुधा मिटलेले असतात, डोके या कुशीवरून त्या कुशीवर हलत राहते, हालचाली मध्येच थांबून पुन्हा सुरू होतात आणि झटका पुष्कळदा दोन मिनिटांहून अधिक चालतो. अपस्माराच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, झटका थोडक्यात आटोपतो आणि जिभेची कड चावली गेलेली असू शकते. मात्र यांपैकी कोणत्याही एका खुणेवर निदान ठरवू नये. निश्चित निदानासाठी रुग्णाचे चित्रीकरण आणि मेंदूचा विद्युत्‌ आलेख ही दोन्ही झटका चालू असताना एकाच वेळी घ्यावी लागतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला आलेख निर्दोष आला एवढ्यावरून अपस्मार नाही असे ठरत नाही. आणि आलेखात बारीकसारीक फरक दिसला एवढ्यावरून अपस्मार आहे असेही ठरत नाही. शिवाय काही रुग्णांत दोन्ही आजार एकत्र नांदतात. म्हणून हे काम तज्ज्ञांचेच आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. झटका मेंदूच्या विद्युत्‌ बिघाडातून येत नाही, याचा अर्थ तो रुग्ण मुद्दाम आणतो असा नाही. ‘नाटक’ हा शब्द या संदर्भात खोटा आहे आणि घातकही आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे अशा ६७४ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या अडीच पट आढळले. ज्या आजारात असे घडते, त्याकडे सोंग म्हणून पाहता येणार नाही.

तीन प्रकारची कारणे

शेतात वणवा लागतो तेव्हा वाळलेले गवत असते, ठिणगी पडते आणि मग वारा वाहतो. या आजाराची कारणेही तशीच तीन थरांत पाहावी लागतात.

पहिला थर पूर्वीपासूनचा. बालपणी झालेला अत्याचार किंवा आबाळ, घरातील सततचा कलह, जवळच्या माणसाचा मृत्यू, बोलून दाखविता न येणारी घुसमट, ही त्यांतील ठळक कारणे. अत्याचाराचा इतिहास या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक आढळतो, परंतु प्रत्येक रुग्णात तो असतोच असे नाही. म्हणून झटके येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरच्यांकडे संशयाने पाहणेही योग्य नव्हे.

दुसरा थर निमित्ताचा. परीक्षा, मनाविरुद्ध ठरलेले लग्न, सासरचा जाच, अपघात, आजारपण, घेरी येऊन पडण्याचा एखादा प्रसंग, यांपैकी काहीही निमित्त होऊ शकते.

तिसरा थर झटके टिकवून धरणाऱ्या कारणांचा. गवत आणि ठिणगी या भूतकाळातील गोष्टी झाल्या. त्या आपण बदलू शकत नाही. वारा मात्र आज वाहत असतो आणि तो अडविता येतो.

अभ्यास काय सांगतात?

जर्मनीतील बॉन येथे ३१३ रुग्णांची पाहणी करण्यात आली. पहिला झटका आणि योग्य निदान यांमध्ये सरासरी ७.२ वर्षे गेल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दिसले. सुसज्ज रुग्णालये असलेल्या देशातील ही स्थिती आहे. त्याच केंद्राने पुढच्या वर्षी १६४ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. निदानानंतर सरासरी चार वर्षांनीही ७१ टक्के रुग्णांचे झटके चालूच होते आणि निम्म्याहून अधिक रुग्ण उदरनिर्वाहासाठी इतरांवर अवलंबून होते. ज्यांचे शिक्षण अधिक झाले होते, ज्यांचा आजार लहान वयात सुरू होऊन निदानही लहान वयात झाले होते आणि ज्यांना इतर शारीरिक तक्रारी कमी होत्या, त्यांची प्रगती चांगली होती.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील अभ्यास २०१० मधील आहे. तेथे निदान नीट समजावून सांगितल्यानंतर सहा ते बारा महिन्यांत, पाठपुराव्यास आलेल्या १८७ रुग्णांपैकी ३८ टक्के रुग्णांचे झटके पूर्णपणे थांबले. ज्यांना आधीपासून चिंताविकार किंवा नैराश्य होते आणि ज्यांचा निर्वाह सरकारी साहाय्यावर चालत होता, त्यांचे झटके थांबण्याची शक्यता कमी आढळली. साहाय्य मिळावे म्हणून झटके येतात, असा अर्थ कृपा करून काढू नये. माणूस कामातून आणि माणसांतून दीर्घकाळ बाहेर फेकला गेला, की परतीची वाट अवघड होते, असा त्याचा अर्थ घेणे अधिक योग्य.

मुलांच्या बाबतीत चित्र आशादायक आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात तीन वर्षांनंतर ८१ टक्के मुले झटक्यांपासून मुक्त झाली होती. प्रौढांत हेच प्रमाण ४० टक्के होते. शिक्षकांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

झटके टिकविणारी कारणे

आता या कारणांचा एकेक करून विचार करू.

पहिले कारण चुकीचे निदान. अपस्माराची औषधे या झटक्यांवर लागू पडत नाहीत. लागू पडत नाहीत म्हणून ती वाढविली जातात. त्यांमुळे सुस्ती, विसराळूपणा, अभ्यासात मागे पडणे हे त्रास सुरू होतात आणि ‘मला मोठा, न बरा होणारा आजार आहे’ हा समज पक्का होतो. लांबलेला झटका अपस्माराचाच समजून शिरेतून वारंवार जोरदार औषधे दिली गेली तर श्वास मंदावण्याचा धोकाही असतो. मात्र चालू असलेली गोळी घरच्यांनी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. ती तज्ज्ञांच्या सल्ल्याने व टप्प्याटप्प्यानेच कमी करावयाची असते.

दुसरे कारण निदान सांगण्याची पद्धत. ‘तुला काही झालेले नाही’ असे एका वाक्यात सांगून रुग्णाला घरी धाडले, तर त्याला आपण खोटे ठरलो असे वाटते. तो दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो आणि सारे चक्र पुन्हा सुरू होते. त्याऐवजी, ‘तुझे झटके खरे आहेत, ते अपस्माराचे नाहीत ही चांगली बातमी आहे, असे झटके इतरांनाही येतात आणि त्यांवर उपचार आहे’, हे चार मुद्दे आदराने सांगितले तर तेच उपचाराची पहिली पायरी ठरतात. ग्लासगोचा दाखला वर दिलाच आहे.

तिसरे कारण सोबतचे आजार. नैराश्य, चिंता, पूर्वीच्या आघाताच्या आठवणी, झोपेचा अभाव, जुनाट डोकेदुखी किंवा अंगदुखी यांकडे दुर्लक्ष झाले, तर झटक्यांना खतपाणी मिळत राहते.

चौथे कारण भीती आणि टाळाटाळ. पुष्कळ रुग्णांना झटक्यापूर्वी छातीत धडधड, श्वास कोंडणे, हातापायांना मुंग्या अशी लक्षणे जाणवतात. ती जाणवताच ‘आता झटका येणार’ ही धास्ती बसते आणि त्या धास्तीतूनच झटका उभा राहतो. हळूहळू हे आपोआप घडू लागते. मग रुग्ण बाजार, एस.टी., शाळा, लग्नसमारंभ टाळू लागतो. जितके टाळावे तितकी भीती वाढते. मुलीला शाळेतून काढणे म्हणजे या भीतीवर शिक्कामोर्तब करणेच होय.

पाचवे कारण भोवतालच्या माणसांचे वागणे. काही घरांत झटक्याच्या वेळी सारे घर गोळा होते आणि एरवी मुलीशी कोणी दोन शब्द बोलत नाही. काही घरांत मारहाण होते. दोन्ही परींनी झटका हेच तिच्या बोलण्याचे एकमेव साधन बनते. इतिहासातही याचे उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात हिस्टेरियाचे व अपस्माराचे रुग्ण एकाच विभागात ठेवले जात. डॉ. शार्को तेथे प्रेक्षकांसमोर झटक्यांची प्रात्यक्षिके दाखवीत. १८९३ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर त्या प्रकारचे भव्य झटके दिसण्याचे प्रमाण झपाट्याने घटले. ते रुग्ण लबाड नव्हते. भोवतालच्या अपेक्षा माणसाच्या नकळत त्याच्या आजाराला आकार देतात, एवढाच त्याचा बोध.

सहावे आणि सर्वांत गंभीर कारण म्हणजे अजूनही चालू असलेला अन्याय. ज्या घरात, वाटेवर किंवा शाळेत मुलीला त्रास दिला जात आहे, त्याच ठिकाणी तिला पुन्हा पुन्हा पाठवून झटके थांबण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. येथे गोळी नव्हे, संरक्षण हा पहिला उपचार आहे.

उपचार : काय शक्य आहे, काय नाही

या आजाराचा मुख्य उपचार मानसोपचार आहे. भीतीचे चक्र ओळखणे, झटक्याच्या पूर्वसूचनेच्या वेळी लक्ष दुसरीकडे वळविणे, श्वास संथ करणे आणि टाळलेल्या गोष्टींकडे क्रमाक्रमाने परतणे, हे त्यात शिकविले जाते. परंतु अतिशयोक्ती नको. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील ३६८ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अशा मानसोपचाराची जोड दिल्याने वर्षअखेर झटक्यांच्या मासिक संख्येत, केवळ उत्तम वैद्यकीय देखभाल मिळालेल्या गटाच्या तुलनेत, लक्षणीय फरक पडला नाही. मात्र झटक्यांचा जाच कमी झाला, झटक्यांविना जाणारा सलग काळ वाढला आणि दैनंदिन जीवन सुधारले. यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. झटके मोजणे हे यशाचे एकमेव माप नव्हे. आणि झटके पूर्ण थांबेपर्यंत शाळा, काम व संसार थांबवून ठेवणे चुकीचे आहे.

आपण काय करावे?

शिक्षकांना विनंती अशी. मुलगी पडली तर शांत राहावे, इतर मुलांना बाजूस न्यावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, टोकदार वस्तू दूर कराव्यात, शक्य होताच कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नये. कांदा, चप्पल, चिमटे हे प्रकार बंद करावेत. झटका अपस्माराचा असो वा नसो, ही मदत दोहोंस चालते. घड्याळ पाहावे. पहिलाच झटका असेल, इजा झाली असेल, श्वासास अडथळा येत असेल किंवा झटका पाच मिनिटांहून अधिक चालला आणि त्याविषयी डॉक्टरांनी आधी वेगळी सूचना दिलेली नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पालकांच्या संमतीने मोबाइलवर घेतलेले अर्ध्या-एक मिनिटाचे चित्रण डॉक्टरांना निदानासाठी फार उपयोगी पडते. ते डॉक्टरांनाच दाखवावे. गावाच्या ग्रुपवर टाकू नये. शुद्धीवर आल्यावर मुलीला थोडी विश्रांती देऊन पुन्हा वर्गात बसू द्यावे. झटका नसलेल्या दिवशी तिची विचारपूस करावी, कारण तीच विचारपूस तिला अधिक लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, किंवा तसा प्रकार घडण्याची भीती वाटली, तर २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार ते पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. बालसाहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

ग्रामपंचायत सदस्यांना विनंती अशी. देवऋष्याकडे जाणाऱ्या कुटुंबाचा अपमान करू नये. ते कुटुंब घाबरलेले असते. परंतु भूत उतरविण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, मारणे, चटके देणे, मिरचीची धुरी देणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमानुसार गुन्हे आहेत. त्यांस सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. असे घडत असेल तर पोलीस पाटलांनी व सदस्यांनी गप्प राहू नये. आशा कार्यकर्तीच्या मदतीने रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पोहोचवावे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

अधिकाऱ्यांना विनंती अशी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम मे २०१८ पासून अमलात आहे आणि त्याने प्रत्येकास मानसिक आरोग्य सेवेचा हक्क दिला आहे. हा हक्क कागदावर राहू नये यासाठी रुग्णाची चिठ्ठी एका दारातून दुसऱ्या दारी फिरत राहणार नाही, अशी व्यवस्था करावी. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणतात मानसोपचाराकडे जा आणि मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात आधी मेंदूची तपासणी करून या, या येरझाऱ्यांतच अनेक वर्षे जातात.

लग्नाविषयीही एक शब्द. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्माराचे झटके हा विवाहास बाधक ठरणारा मुद्दा होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकण्यात आला. कायद्याने सोडून दिलेली भीती गावाने धरून ठेवण्याचे कारण नाही. आणि ‘लग्न केले की झटके थांबतील’ हा सल्ला तर कोणीही देऊ नये. ज्या मुलीवर आधीच ताणाचे ओझे आहे तिच्यावर आणखी एक ओझे चढविण्याचाच तो प्रकार आहे.

मित्रहो, आरंभी सांगितलेल्या मुलीकडे पुन्हा वळू. तिच्या बालपणी काय घडले ते आपल्या हाती नव्हते. प्रार्थनेच्या वेळी ती प्रथम कोसळली तेही आपल्या हाती नव्हते. परंतु त्यानंतरची दोन वर्षे पुष्कळ अंशी आपल्या हाती होती. त्या दिवशी कांद्याऐवजी घड्याळ पाहणारे गुरुजी भेटले असते, बाधेऐवजी आरोग्य केंद्राचे नाव सांगणारे सदस्य भेटले असते आणि तिला घरी बसविण्याऐवजी वर्गात परत घेणारे मुख्याध्यापक भेटले असते, तर झटका कदाचित पुन्हा आला असता, पण तिची शाळा सुटली नसती. पुढची अशी मुलगी आपल्या शाळेत, आपल्या गावात असेल. तिच्या बाबतीत ही दोन वर्षे वाया जाणार नाहीत, एवढे आपण ठरवावे.